लोखंडी साचेवाल्याचा बाप्तिस्मा

मी अक्षरे शिकलो ती आबांच्या झोळीतल्या चोपड्यांवर. आबा, म्हणजे माझे वडील, मिशनच्या चोपड्या विकत फिरत. सोलापुरातून सकाळच्या गाडीने मोहोळला उतरायचे, बाजार भरला असेल तिथे झाडाखाली सतरंजी पसरायची आणि आठ-सोळा पानांच्या चोपड्या पैशाला एक अशा विकायच्या, हे त्यांचे काम. संध्याकाळी उरलेल्या चोपड्या घरी येत आणि त्या मी वाचून काढी. आमच्या घरात दुसरे वाचायला काही नव्हते आणि दुसरे काही असावे असे कुणाला वाटतही नव्हते.

त्या सगळ्या चोपड्या एकाच घाटाच्या असत. दोन माणसे वाटेत भेटतात. एकाला शंका असतात, दुसऱ्याजवळ उत्तरे असतात. विषय दारूचा असो, पटकीचा असो की आत्म्याच्या तारणाचा असो, शेवटच्या पानावर शंकेखोर गुडघे टेकतो. मला त्या शंकेखोराचा लहानपणापासून राग होता. त्याला शंका विचारताच येत नसत. त्याच्या जागी मी असतो तर सोळा पाने पुरली नसती.

पुढे मिशनच्याच छापखान्यात मी छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवू लागलो. सोलापुरातला लष्करी कायदा उठून दुसरे वर्ष चालू होते, आणि छापलेल्या प्रत्येक ओळीकडे पोलीस, कलेक्टर कचेरी आणि आमच्या चर्चची पंचकमिटी असे तिघे डोळे वटारून बघत. त्यामुळे छापखान्यात नियम असा होता की दर महिन्याला काय छापायचे याची यादी आधी करायची. यादीचे तीन रकाने होते: शास्त्रीय, उपदेशपर आणि आरोग्यपर. माझी सगळी गोष्ट यातल्या पहिल्या रकान्यात आहे.

आमच्या मंडळीत शास्त्र म्हणजे एकच पुस्तक, पवित्र शास्त्र. ‘शास्त्रात काय सांगितलंय?’ असे चर्चच्या पाळकांनी विचारले की पोरेसुद्धा अध्याय आणि ओवी सांगत. चर्चच्या फाटकाबाहेर पडून शहराच्या वाचनालयात गेले, की तोच शब्द वेगळा व्हायचा. तिथल्या मासिकांत शास्त्र म्हणजे वीज, वाफ, बिनतारी, विमान. क्वचित एखाद्या अंकात ‘शास्त्रीय गोष्ट’ असे मथळ्याखाली लिहून, अजून न झालेल्या यंत्रांबद्दल, न घडलेल्या प्रवासांबद्दल काहीतरी लिहिलेले असे. मी ते उभ्याने वाचत असे, कारण बसायच्या जागेवर वकील आणि मास्तर लोक असत. वाचताना मला नेहमी वाटे की हे लिहायला आम्ही लोक सगळ्यांत लायक आहोत. न दिसणाऱ्यावर विश्वास ठेवणे हे आमचे रोजचे काम. स्वर्गातून खाली उतरणारे सोन्याच्या रस्त्यांचे शहर आम्हाला पाठ. मग उद्याच्या यंत्राची गोष्ट आमच्यातल्या एकानेही का लिहू नये?

म्हणून मी लिहिली.

गोष्ट अशी होती. सोलापूरच्या एका गिरणीत मालक लोखंडी माणसे आणतो. ती जेवत नाहीत, झोपत नाहीत, तिन्ही पाळ्यांना साचे, म्हणजे माग, चालवतात. त्यांतला एक साचेवाला गिरणीच्या दारात चोपड्या वाचून दाखवणाऱ्या म्हाताऱ्याचे ऐकतो आणि एका रविवारी चर्चमध्ये येऊन बाप्तिस्मा मागतो. पाळक विचारतात, तुझे आईबाप कोण? तो म्हणतो, कारखाना. पाळक विचारतात, पाप काय केलेस? तो म्हणतो, ‘एकदा साचा थांबवला. शेजारच्या बाईचा हात अडकला होता. मालक म्हणाले, हे पाप आहे.’ पाळक त्याला बाप्तिस्म्याच्या उमेदवारांच्या बाकावर दोन वर्षे बसवून ठेवतात. शेवटी सांगतात, तुझ्या कपाळाच्या सांध्यात पाणी गेले तर गंज आतून चढेल आणि तू मरशील. तो म्हणतो, ‘बाप्तिस्मा म्हणजे जुन्या माणसाचं मरण, असंच तुम्ही शिकवता ना?’ पाळक पाण्याच्या वाटीत हात घालतात. सोळावे पान तिथे संपते. पाळकांचा हात पाण्यात आहे.

शंकेखोर गुडघे टेकत नाही, अशी एक चोपडी मला लिहायची होती. इथे शंकेखोर पाळकच झाले होते आणि विश्वास लोखंडाजवळ होता. ही गोष्ट मी विश्वासाविरुद्ध लिहिली नाही. विश्वासाच्या बाजूने इतके कुणी लिहिले नसेल असे मला तेव्हा वाटत होते, आणि आजही वाटते.

महिन्याच्या यादीसाठी मी कागदावर लिहून दिले: ‘लोखंडी साचेवाला, एक शास्त्रीय गोष्ट.’ उन्हाळा होता. मिशनचे साहेब महाबळेश्वरला गेले होते. यादी पाहायचे काम आमच्या मिशनशाळेच्या मुख्याध्यापकांकडे होते. ते पंचकमिटीचे चिटणीसही होते. त्यांना ऱ्हस्वदीर्घाच्या चुका सापडत, अर्थ सापडत नसे. त्यांनी ‘शास्त्रीय’ हा शब्द पाहिला आणि माझी गोष्ट पहिल्या रकान्यात टाकली, नोहाचे तारू आणि दानिएलची सिंहाची गुहा यांच्या खाली.

यादीचे खिळे मीच जुळवले. आता खरे तेच लिहितो. खिळे उलटे वाचायची मला सवय होती आणि तो रकाना मला दिसला. क्षणभर हात थांबला. मग मी स्वतःशी म्हणालो, शास्त्रीयच आहे की. आणि पुढचा खिळा उचलला.

चोपडी छापून झाली आणि आबांच्या झोळीत गेली.

तीन आठवडे काही झाले नाही. मग एका रविवारी उपासना सुटल्यावर चर्चच्या पायरीशी एक उंच, काळपट माणूस उभा राहिला. हातांवर भाजल्याचे डाग होते. मोहोळचा लोहार होता, पहाटेच्या गाडीने आला होता. त्याने पाळकांना रामराम केला आणि विचारले, “सायेब, त्यो लोकंडाचा मानूस हितं कुटं बसतो?”

पाळकांना वाटले माणूस भ्रमिष्ट आहे. “कोण लोखंडाचा माणूस?”

“बाप्तिस्मा मागितला न्हवं, त्यो. त्याचं सांदं कसं बशिवल्यात ते बघायचं हाय मला. गंज चडू न्हाय म्हनून एक लेप हाय आमच्याकडं. देऊ म्हनलं त्याला.”

आणि त्याने कमरेच्या धोतरातून घडी केलेली चोपडी काढली.

लोक हसले. पाळक हसले नाहीत. त्यांनी ती चोपडी तिथेच, पायरीवर उभे राहून, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. लोहार त्यांच्याकडे आशेने बघत होता. वाचून झाल्यावर पाळकांनी चोपडी खिशात घातली आणि लोहाराला म्हणाले, “असा माणूस कुठंही नाही. तुम्हाला फसवलंय.”

लोहार म्हणाला, “माजी चोपडी तरी द्या की परत.”

ती त्यांनी दिली नाही.

दुसऱ्या दिवशी मला बोलावणे आले. पाळक कॉलेजात शिकलेले, स्वच्छ कोटातले गृहस्थ होते आणि मूर्ख मुळीच नव्हते. मूर्ख असते तर मला त्यांचा इतका राग आला नसता. मुख्याध्यापक शेजारी बसले होते. मला कुणी बस म्हटले नाही.

“तू छापलेलं हे खरं आहे?” पाळकांनी विचारले.

“गोष्ट आहे, साहेब.”

“मी विचारलं, खरं आहे का?”

“उधळ्या पुत्राचं गाव कुठलं, साहेब?”

मुख्याध्यापक म्हणाले, “तोंड सांभाळ.”

पाळकांनी हाताने त्यांना थांबवले. “तो दृष्टांत प्रभूनं सांगितला. तू कोण?”

“त्याच्याकडूनच शिकलो. तोही लोकांना न घडलेलं सांगून विचारात पाडायचा.”

“त्यानं मेंढरं सांगितली, बी सांगितलं, बाप आणि मुलगा सांगितले. देवानं केलेल्या वस्तू. तू देवानं न केलेला माणूस केलास. स्वतःच्या हातानं घडवायचा, त्याच्या तोंडी शब्द घालायचे, आणि मग त्याच्यापुढे मला उभं करायचं. याला आपल्यात काय म्हणतात ठाऊक आहे ना? मूर्ती.”

हे बोलणे मला लागले. त्याचा राग मी अजून बाळगून आहे. मी एवढेच म्हणालो, “प्रत्येक चोपडीच्या पुठ्ठ्यावर आपण मोठ्या खिळ्यांत ‘जो कोणी विश्वास ठेवील’ असं छापतो. त्यात लोखंड बसतं की नाही, एवढंच मी विचारलं.”

आता मुख्याध्यापकांना राहवले नाही. “लोखंडाचं निमित्त आहे. उमेदवारांच्या बाकावर दोन वर्षं कोण बसतं ते सगळ्यांना माहीत आहे. गिरणीचे लोक येतात, त्यांना आम्ही पारखून घेतो, ते तुला खुपतं. हे आमच्यावर लिहिलंय.”

खरे सांगायचे तर लिहिताना मला तो बाक दिसत होता, त्यावर बसणारे लोक दिसत होते. पण हे पंचांवर आहे असे मनात नव्हते. त्यांनी ते स्वतःवर ओढून घेतले, तेव्हा मला कळले की लागायचे तिथेच लागले आहे.

मग त्यांनी कागद पुढे केला. मुख्याध्यापकांच्या सुंदर अक्षरात लिहिले होते: ‘मी जाणूनबुजून खोटी गोष्ट शास्त्राच्या नावाखाली छापविली, व तद्द्वारा माझ्या वडिलांस आणि मंडळीस फसविले.’ सही केली तर सहा महिने मला प्रभुभोजनाला बसता येणार नव्हते. एवढ्यावर भागणार होते. नाही केली, तर बाप आणि मुलगा दोघांनी मिळून हे केले असे धरले जाईल आणि आबांची झोळी काढून घेतली जाईल.

“रविवारी पंचांची सभा आहे,” पाळक म्हणाले. “तुझे वडील वीस वर्षं ती झोळी वाहतात. विचार कर.”

तो आठवडा मी रागातच काढला. खोटे लिहिले हा आरोप, आणि तो मिटवायला खोट्यावर सही. फसवायला मी निघालो नव्हतो. रकाना मला दिसला होता हे खरे, पण रकाना दिसणे आणि फसवणे यांत फरक आहे, असे मी दिवसातून दहा वेळा स्वतःला सांगत होतो. दहा वेळा सांगावे लागते ते का, हे मात्र विचारत नव्हतो.

बुधवारी शहरातले एक वकील मला शोधत छापखान्याच्या दारात आले. ते स्वतःला बुद्धिवादी म्हणवत आणि एक साप्ताहिक चालवत. लोहाराची हकीकत त्यांच्यापर्यंत गेली होती.

“गोष्ट फक्कड आहे,” ते म्हणाले. “पाद्र्याच्या छान थोबाडीत मारलीय. आमच्या अंकात घेऊ. फक्त शेवटी थोडं वाढवा. लोखंडी माणूस म्हणतो, मला कळलं, देवबीव काही नाही, आणि खदाखदा हसत गिरणीत परत जातो.”

“तो हसत नाही,” मी म्हणालो.

“हसवा की मग.”

“त्याला बाप्तिस्मा हवाय. हसेल कशाला?”

त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखे पाहिले. “म्हणजे तुमचाही विश्वास आहे या सगळ्यावर?”

“आहे.”

“मग भोगा,” असे म्हणून ते गेले. त्यांच्याबद्दलही माझ्या मनात चांगला शब्द नाही. पाळकांना माझा लोखंडी माणूस मूर्ती वाटला, यांना तो सोटा वाटला. माणूस म्हणून त्याच्याशी बोलायला आला तो एक लोहार.

घरी आबांची झोळी रोज खुंटीला लटकलेली असे. खाकी कापडाची, पट्ट्याच्या जागी तीनदा शिवलेली. त्या पट्ट्याने आबांच्या डाव्या खांद्यावर घट्टा पडला होता आणि झोळी नसली तरी ते चालताना त्या बाजूला कलत. शनिवारी मी जेवता जेवता म्हणालो, “आबा, मी सही करणार आहे.”

आबांनी भाकरीचा तुकडा मोडला. “कागुद वाचलास का नीट?”

“वाचला.”

“मग कर काय करायचं ते.”

रविवारी उपासनेनंतर चर्चच्या मागच्या खोलीत सभा भरली. पाच पंच, मध्ये पाळक, टेबलावर कागद, दौत आणि टाक. आबांना बाजूच्या खुर्चीवर बसवले होते. झोळी त्यांच्या मांडीवर होती. मी टाक उचलला. माझे तत्त्व मी त्या क्षणी सोडले होते, हे लपवत नाही. त्या झोळीसाठी सोडले होते.

“एक इचारू का?” आबा म्हणाले.

पाळक म्हणाले, “विचारा.”

“त्या कागदात ‘माझ्या वडिलांस फसविले’ असं हाय न्हवं?”

“आहे. म्हणजे तुमच्यावर काही येत नाही.”

“पन ते खोटं हाय, सायेब.”

मी टाक तसाच धरून उभा राहिलो.

मुख्याध्यापक म्हणाले, “म्हणजे? चोपडी विकण्याआधी तुम्ही वाचली होती?”

“तीनदा वाचली की. न वाचता मी कुटली चोपडी इकत न्हाय.”

“मग ही शास्त्रातली गोष्ट नाही, हे कळलं नाही तुम्हाला?”

“कळलं. शास्त्रात गिरनी कुटाय?”

एका पंचाला हसू आले. त्याने ते खोकल्यात घातले.

पाळक हळू आवाजात म्हणाले, “कळलं होतं, आणि तरी विकलीत?”

“व्हय.”

“का?”

आबांनी झोळीवरून हात फिरवला. “वीस वर्सं चोपड्या इकतो मी. लोक घेत्यात, बिडी वळत्यात, पुड्या बांदत्यात. फुडं काय झालं म्हनून इचारायला कुनी कदी आलं न्हाय. ह्या चोपडीला आलं. फुडच्या बाजाराला सतरंजी टाकायच्या आदीच चार मानसं हुबी. त्यो लोहार तर माज्या आदी येऊन बसला हुता. म्हनला, काका, पानी घातलं का न्हाय त्याच्या डोक्यावर? घातलं, म्हनलो मी.”

“काय सांगितलंत?” पाळकांनी विचारले.

“बाप्तिस्मा दिला म्हनून सांगितलं. त्ये बी खोटंच. चोपडीत तसं न्हाय. त्ये माजं मी सांगितलं. तवा लिवायचंच असंल तर माजंबी नाव लिवा कागदात.”

पाळकांचा चेहरा लाल झाला. मला वाटले आता ते काहीतरी माणसासारखे बोलतील. ते म्हणाले, “झोळी ठेवा इथे.”

आबा उठले. झोळीतल्या चोपड्या त्यांनी टेबलावर काढल्या, नोहा एका बाजूला, दानिएल एका बाजूला, पटकीची वेगळी, नीट गठ्ठे लावून. माझी एकही उरलेली नव्हती. मग रिकामी झोळी घडी करून त्यांनी वर ठेवली. मी सही न केलेला कागद तिच्याखाली गेला. पाचांपैकी एकाही पंचाने वर पाहिले नाही. वीस वर्षे ज्या माणसाने त्यांचा शब्द उन्हातान्हातून वाहिला, त्याला पाणीही न विचारता त्यांनी दार दाखवले. हे मी विसरणार नाही, आणि क्षमेवरच्या चोपड्या मीच जुळवल्या असल्या तरी क्षमाही करणार नाही.

बाहेर कडक ऊन होते. आबा डावीकडे कलून चालत होते.

“तुम्हाला कुणी सांगितलं होतं बोलायला?” मी म्हणालो. माझा राग कुणावर काढावा हे मला कळत नव्हते. “मी करत होतो ना सही.”

“करत हुतास म्हनूनच.”

थोडे पुढे गेल्यावर मी विचारले, “आणि बाप्तिस्मा दिला म्हणून का सांगितलंत? मी तसं लिहिलेलं नाही.”

“लेका, तू त्या पाळकाचा हात पान्यात ठिवून दिलास आन् चोपडी सपवलीस. त्यो किती दिस तसाच ठिवायचा?”

“काढायचा की नाही ते त्यांनी ठरवायचं.”

“त्यांची वाट बगत बसलो तर त्यो लोहार मरंल,” आबा म्हणाले. “मी दिला. झालं.”

त्यानंतर महिनाभरात छापखान्यातून मला काढले. प्रभुभोजनाच्या टेबलापाशी मी पुन्हा बसलेलो नाही. विश्वास सोडलेला नाही, सोडणारही नाही. तो त्या पाचजणांनी मला दिलेला नव्हता. गोष्टी लिहितो, आणि प्रत्येक गोष्टीच्या मथळ्याखाली हट्टाने ‘शास्त्रीय गोष्ट’ असेच छापवतो. वाचणाऱ्याने शब्दाचा कुठला अर्थ घ्यायचा ते त्याने घ्यावे. मला दोन्ही हवे आहेत.

लोखंडी साचेवाल्याची गोष्ट गेल्या वर्षी मी स्वतः पुन्हा छापली. आबांनी शेवटचे पान उघडून पाहिले आणि दहा प्रती काखेत मारून मोहोळला गेले. तिथे विचारणाऱ्याला ते अजून ‘दिला’ म्हणूनच सांगतात. मी मात्र शेवट बदललेला नाही. पाळकांचा हात मी पाण्यातच ठेवला आहे. काढायचा असेल तर त्यांनी काढावा.